‘लाइन बंद आहे’ एवढे वाक्य पुरेसे नाही

(पानिपत येथे भरलेल्या वीज कामगारांच्या सुरक्षा अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या प्रतिनिधींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन दिवस इथे हिंदीतून चर्चा चालू आहे. भाषणे झाली, ठराव झाले, पत्रके वाटली गेली. आज रात्री जेवणानंतर आपण महाराष्ट्रातली मंडळी एकत्र बसलो आहोत, तेव्हा घरच्या भाषेत, आडपडदा न ठेवता बोलू या. बाहेरच्या सभेत आपण प्रशासनाला जाब विचारतो. आज थोडा जाब स्वतःलाही विचारायचा आहे.

पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या मनात एकच तारीख उभी राहते, १४ जानेवारी १७६१. काल आपल्यापैकी बरेच जण काला आंबच्या स्मारकावर जाऊन आले. तिथे उभे राहून जो तो शौर्याबद्दल बोलत होता, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सैन्यात शौर्याची वाण नव्हती. वाटा तुटल्या, रसद बंद झाली, माणसे आणि जनावरे उपाशी राहिली आणि मग उपाशी पोटी लढाईला उभे राहावे लागले. विजेच्या खांबावर चढणाऱ्या आपल्या माणसाची अवस्था पुष्कळदा तशीच असते. धाडस भरपूर आहे; हातमोजे नाहीत, डिस्चार्ज रॉड नाही, जोडीला माणूस नाही. वर चढणाऱ्याच्या हिमतीवर सगळा कारभार चालवायचा, आणि तो पडला की त्याच्याच नावावर चूक लिहायची. हे पानिपत आपल्याकडे रोज कुठे ना कुठे होते आहे.

हे शहर आता विजेवर जगणारे आहे. जवळच १९७९ साली औष्णिक वीज केंद्राचे पहिले युनिट सुरू झाले. आज ते केंद्र ताऊ देवीलाल यांच्या नावाने ओळखले जाते. खताचा कारखाना आहे, १९९८ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे. आणि गल्लोगल्ली माग आहेत, सूतगिरण्या आहेत, जगभरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून धागा आणि घोंगड्या बनवणारे कारखाने आहेत, रंगाईची ओली जमीन आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव किंवा सोलापूर पाहिलेल्याला हे शहर परके वाटत नाही. मागावरची तीच रुई पॅनेलवर साचते, तोच खटखटाट, आणि वीज गेली की तोच जनरेटरचा धडाका. हा जनरेटर लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आधी एक हकीकत सांगतो. गावाचे आणि कार्यालयाचे नाव सांगत नाही. पावसाळ्यातली संध्याकाळ. ११ केव्हीच्या लाइनवर इन्सुलेटर फुटला. आमच्यातल्या एका लाइनमनने सबस्टेशनला फोन केला, ऑपरेटरने फीडर बंद केला. लाइनमनने खांबावरचा ए.बी. स्विचही ओढला. त्या उपविभागात चांगल्या अवस्थेतला डिस्चार्ज रॉड एकच होता आणि तो दुसऱ्या गाडीत होता. लोकांनी गर्दी केलेली, वरून फोनवर फोन, ‘दहा मिनिटांचे काम आहे’. तो वर चढला. तेवढ्यात पुढच्या एका पिठाच्या गिरणीने अंधार झाला म्हणून जनरेटर सुरू केला. गिरणीत चेंजओव्हर स्विच नीट बसवलेला नव्हता. आमच्या त्या मित्राचा उजवा हात कोपराखालून कापावा लागला.

चौकशी झाली. अहवालात लिहिले गेले, ‘कर्मचाऱ्याने अर्थिंग न करता काम केले, सबब स्वतःचा निष्काळजीपणा’. आम्ही त्या चौकशीला हजर होतो. आम्ही नुकसानभरपाईसाठी भांडलो, हलक्या कामासाठी भांडलो, दोन्ही मिळवले. पण रॉड एकच का होता, हा प्रश्न त्या दिवशी टेबलावर आम्ही ठेवला नाही. हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

आता तांत्रिक बाजू, आपल्याच भाषेत.

शॉक लागतो तेव्हा नेमके काय होते? माणसाला मारतो तो अंगातून जाणारा करंट, आणि तो किती वेळ जातो हे. हजारातला एक अँपिअर, म्हणजे एक मिलिअँपिअर अंगातून गेला तर झिणझिण्या येतात. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. लोक म्हणतात ‘करंटने ओढून घेतला’. खरे तर करंट ओढत नाही, आपलीच मूठ सुटत नाही. तीस मिलिअँपिअरच्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू लागतात. पन्नास-शंभरच्या घरात हृदयाचा ठेका मोडतो. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही.

घामाने किंवा पावसाने ओल्या माणसाचा अवरोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागा. २३० मिलिअँपिअर येतात. साठ वॉटचा साधा बल्ब जेवढा करंट घेतो, जवळपास तेवढाच. म्हणजे एक बल्ब पेटायला लागते तेवढ्या विजेत माणूस विझतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज तार वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसासाठी तीस मिलिअँपिअरला तुटणारा ई.एल.सी.बी. लागतो. रंगाईच्या ओल्या जमिनीवर, वर्कशॉपमध्ये, हातातल्या ड्रिल मशीनला तो आहे का, हे उद्या कामावर गेल्यावर पाहा.

११ केव्हीची गोष्ट याहून वेगळी. तिथे करंट आतून मांस भाजत जातो. वरून एवढीशी जखम दिसते आणि आत स्नायू जळालेले असतात. पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून उच्च दाबाचा शॉक लागलेला माणूस उठून चालू लागला तरी त्याला घरी पाठवू नका, दवाखान्यात न्या. आणि पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होऊन जो भडका उडतो, त्याला स्पर्शाचीही गरज नसते. त्या ठिणगीचे तापमान हजारो अंशांत जाते. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटून वितळतो. ब्रेकर आत-बाहेर करताना सुती कपडे आणि तोंडावर ढाल हवी ती यासाठी.

आता मूळ मुद्दा. ‘लाइन बंद आहे’ हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. त्याचा अर्थ एवढाच की कुणीतरी कुठेतरी एक स्विच उघडला, असे कुणीतरी सांगितले. तेवढ्याने तार मेलेली नसते. ती पुन्हा जिवंत व्हायला चार वाटा आहेत.

पहिली वाट, चुकीचा फीडर. एकाच खांबावर दोन सर्किटे असतात, नावे सारखी असतात, फोनवर आवाज नीट येत नाही. एक फीडर बंद होतो आणि माणूस दुसऱ्यावर चढतो.

दुसरी वाट, अर्धवट उघडलेला स्विच. ए.बी. स्विचचे हँडल खाली येते, पण तीन पात्यांपैकी एक चिकटून राहते. अंधारात ते दिसत नाही.

तिसरी वाट, उलटा पुरवठा. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. ११,००० व्होल्टचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने ४१५ व्होल्ट दिले तर वर पुन्हा दहा-अकरा हजार करून देतो. कारखान्याचा जनरेटर, चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला, आख्खी बंद लाइन जिवंत करू शकतो. आपल्या मित्राचा हात असाच गेला. आता यात नवी भर पडते आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. लाइन गेली की सौर इन्व्हर्टरने आपोआप सुटे व्हावे अशी त्याची रचना असते. पण प्रत्येक छतावरच्या प्रत्येक जोडणीवर आपला जीव ठेवून वर चढायचे का? सौर ऊर्जेला आपला विरोध नाही. मात्र यापुढे प्रत्येक लाइनला एक टोक नाही, शंभर टोके आहेत, हे समजून वागले पाहिजे.

चौथी वाट, शेजारून. बंद लाइन मोठ्या चालू लाइनला समांतर जात असेल तर तिच्यात वीज उतरते. दूरवर वीज कडाडली तरी धक्का येतो.

या चारही वाटांवर उपाय एकच आहे आणि तो जुना आहे. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. अर्थ केलेली लाइन कुणी चुकून चालू केली तर करंट जमिनीत जातो, ब्रेकर पडतो, माणूस वाचतो. म्हणून आम्ही म्हणतो, अर्थ केलेली लाइनच बंद समजावी. बाकी सर्व लाइनी चालू आहेत.

क्रम पाठ करून ठेवा. लेखी परमिट, त्यावर फीडरचे नाव आणि खांबाचा नंबर. स्विच उघडल्यावर तिन्ही पाती डोळ्यांनी पाहणे. हँडलला कुलूप आणि ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मग टेस्टर. तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी तपासायचा, नाहीतर बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. मग अर्थिंग. आधी जमिनीकडचा क्लॅम्प, नंतर तारांवर. काढताना उलट, आधी तारांवरून, शेवटी जमिनीचा. आणि परमिट परत करायचे ते ज्याने घेतले त्यानेच, माणसे मोजून. ‘अर्ध्या तासाने चालू कर’ असा करार ऑपरेटरशी कधीही करायचा नाही. घड्याळाला खांबावरचा माणूस दिसत नसतो.

यात नवे काही नाही, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ३६ वा नियम होता. तारेला हात लावण्यापूर्वी अर्थिंगने ती निर्धोक करा, काम चालू असताना ती चुकून चालू होणार नाही याची तजवीज करा आणि कामगाराला साधने द्या, असे त्यात होते. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. भाषा बदलली, बंधन तेच राहिले. साठ-सत्तर वर्षे कायदा जे सांगतो आहे ते खांबापर्यंत पोचत नसेल, तर ते वाटेत कुठे अडते हे शोधायला हवे.

आमच्या मते ते तीन ठिकाणी अडते.

एक, सांध्यावर. हरियाणात १९९८ मध्ये वीज मंडळ फोडले गेले आणि १९९९ मध्ये वितरणाचे आणखी दोन भाग झाले. महाराष्ट्रात २००५ साली तेच झाले. पूर्वी ऑपरेटर आणि लाइनमन एकाच मंडळाचे होते, एकाच युनियनचे होते, एकमेकांचा आवाज ओळखत होते. आता बऱ्याच ठिकाणी सबस्टेशन एका कंपनीचे, लाइन दुसऱ्या कंपनीची आणि काम करणारा तिसऱ्याच कंत्राटदाराचा. परमिट या तीन कंपन्यांच्या सांध्यांतून जाते. तिथे कागद गळतो आणि फोन उरतो.

दोन, कंत्राटात. कंत्राटदार माणूस देतो, साधने देत नाही. कंपनी म्हणते साधने देणे कंत्राटदाराचे काम. खांबावर चढायला कायम कामगार कमी पडतात म्हणून ज्या पोराला पाठवले जाते, त्याला अधिकृत व्यक्ती म्हणून नेमल्याचा कागद पुष्कळदा कुठेच नसतो. पण लक्षात ठेवा, विजेला मस्टर वाचता येत नाही. कायम आणि कंत्राटी हा भेद तिला कळत नाही. तो आपण करतो, आणि तो युनियननेही केला तर तिच्या नावाला अर्थ नाही.

तीन, आपल्या स्वतःच्या बढाईत. बिनहातमोज्याने काम करणाऱ्याला आपण ‘पक्का लाइनमन’ म्हणतो. परमिटची वाट पाहणाऱ्याला ‘घाबरट’ म्हणतो. नवा मुलगा हे ऐकतो आणि शिकतो.

आता या शहरातली एक गोष्ट. नोव्हेंबर २०११ मध्ये इथल्या एका वस्तीत चार-पाच वर्षांच्या मुलाला घराच्या गच्चीजवळून गेलेल्या ११ केव्हीच्या तारेचा शॉक बसला. त्याचे दोन्ही हात आणि एक पाय कापावा लागला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांनी उत्तर हरियाणा बिजली वितरण निगमने साठ लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. खंडपीठाने रक्कम घटवली. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साठ लाखांचा निर्णय पुन्हा कायम केला. ११ केव्हीची तार इमारतीपासून आडव्या दिशेने किमान १.२ मीटर आणि उभ्या दिशेने ३.७ मीटर दूर हवी, हे १९५६ च्या नियमांतही होते आणि २०१० च्या विनियमांतही.

त्याआधी २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वीज ही मुळातच धोक्याची वस्तू आहे. जो ती पुरवतो त्याच्यावर हानीची जबाबदारी येते, मग त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो. नागरिकाच्या बाबतीत न्यायालयाची भूमिका इतकी कडक आहे. मग त्याच तारेने आपला माणूस भाजला तर पहिला प्रश्न त्याच्याच चुकीचा का विचारला जातो?

इथे एक गोष्ट सर्वांनी नीट समजून घ्यावी, कारण वारसांना नेमके इथेच घाबरवले जाते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तत्त्व असे आहे की, कामाच्या ओघात मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ‘त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला’ या सबबीवर मालकाला भरपाई नाकारता येत नाही. तसेच कंत्राटी कामगारासाठी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. कंत्राटदाराकडून ती वसूल करणे हे मूळ मालकाचे काम. म्हणून चौकशीत ‘स्वतःची चूक’ लिहिले म्हणून विधवा बहिणीने कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. तिला हे सांगायला पहिल्या दिवशी तिच्या दारात युनियनचा माणूस उभा असला पाहिजे.

पण भरपाई हे शेवटचे काम आहे. आम्हाला भीती अशी वाटते की आपण ते पहिले करून टाकले आहे. आपण शोकसभा चांगल्या भरवतो. वारसाला नोकरी मिळवून देतो आणि त्याच खांबावर, त्याच एका रॉडवर बापाच्या जागी मुलगा चढतो. याला आपण यश म्हणतो.

म्हणून इथून परत जाताना पाच कामे घेऊन जाऊ या.

पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या उपविभागातले डिस्चार्ज रॉड, हातमोजे, टेस्टर, बेल्ट मोजावेत. किती गाड्या, किती टोळ्या, किती रॉड, एवढे तीन आकडे कागदावर लिहून अधिकाऱ्याची पोच घ्यावी. मोर्चाच्या निवेदनापेक्षा हा कागद चौकशीत जास्त कामाला येतो.

दुसरे, जनरेटर आणि सौर जोडण्यांची फीडरनिहाय यादी सबस्टेशनच्या भिंतीवर लावून घ्यावी.

तिसरे, प्राणघातक अपघाताची सूचना २४ तासांत विद्युत निरीक्षकाकडे जाणे कायद्याने बंधनकारक आहे. ती गेली का हे शाखेने पाहावे, आणि चौकशीत परमिट कुठे होते, रॉड कुठे होता हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

चौथे, प्रथमोपचार. अनेक सबस्टेशनांत अजून जुना तक्ता लटकतो, माणसाला पालथे झोपवून पाठीवर दाब देण्याचा. ती पद्धत मागे पडली. आधी पुरवठा तोडा, तो तुटेपर्यंत माणसाला हात लावू नका. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर उताणे झोपवा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. येत असेल त्याने दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. दवाखाना येईपर्यंत थांबू नका. वाळूत पुरणे, शेण फासणे यात हातची मिनिटे जातात. आणि तार जमिनीवर पडली असेल तर जवळ जाऊ नका. आत सापडलात तर पावले जोडून, जमिनीवर घासत बाहेर या, मोठी ढांग टाकू नका. दोन पावलांमधल्या जमिनीतच व्होल्टेजचा फरक असतो.

पाचवे काम सर्वांत अवघड. अर्थिंगशिवाय चढायला जो पहिला माणूस नकार देईल, त्याच्या मागे उभे राहणे. त्याची बदली होईल, त्याला मेमो मिळेल, लोक शिव्या देतील, मंत्र्यांचा फोन येईल. तो कंत्राटी असेल तर उद्यापासून त्याला कामावर घेणार नाहीत. त्या दिवशी संपूर्ण शाखेने काम थांबवून त्याच्या शेजारी उभे राहायचे. अशी एकच वेळ निभावून न्या, पुढच्या वेळी रॉड आपोआप गाडीत सापडेल.

आमचा तो मित्र अजून नोकरीत आहे. डाव्या हाताने रजिस्टर लिहितो. या वर्गाला निघताना तो भेटायला आला होता. म्हणाला, ‘तिकडे एवढेच सांगा, मी घाईत नव्हतो, मला घाई केली गेली.’ त्याचा निरोप तुमच्यापर्यंत पोचवला. आता उद्या आपापल्या गावी गेल्यावर गाडीत बसण्यापूर्वी विचारा, रॉड घेतला का? नसेल तर खाली उतरा.